शेऱ्याचा रकाना

सन दोन हजार तेवीस. माझं वय एकाहत्तर. आमच्या वाशिमकडच्या मालेगावात माझ्यापेक्षा हट्टी माणूस नाही, असा त्या सालापर्यंत माझा पक्का समज होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानही होता. मग अन्वर पुण्याहून कायमचा घरी आला.

माझ्या दुकानाला लागून चहाची टपरी आहे. एक दिवस डोक्यावर बोचकं घेतलेला एक माणूस धापा टाकत आला आणि बाकावर बसलेल्या अन्वरला म्हणाला, "गाडी गेली का हो?"

अन्वरनं कप खाली ठेवला. "सवाल पूर्ण करा."

"आँ?"

"कोनती गाडी? कुठून येनारी, कुठं जानारी? आजची का उद्याची?"

"अकोल्याची हो! अकोल्याहून वाशिमले जानारी!"

"यष्टी का खाजगी?"

"यष्टी, बाप्पा, यष्टी!"

"मंग गेली," अन्वर म्हणाला. "तुमी आँ म्हनलं तवाच."

त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. मी कपात पाहिलं. उत्तर तर बरोबर होतं.

असा हा अन्वर. वय सत्तेचाळीस, डोकं पुढून उजाड, मागून दाट. अर्धवट विचारलं की हा तोंड उघडत नाही. पूर्ण विचारलं की नेमकं तेवढंच सांगतो, एक अक्षर जास्त नाही. भाजीवाली म्हणाली, "भाऊ, वांगे देऊ का?" तर हा म्हणतो, "कोनते, किती, कोनाले?" ती आता त्याला पाहिलं की स्वतःच बोलते, "काटेरी वांगे, अर्धा किलो, तुमाले, आजच, देऊ का?" आणि हा म्हणतो, "द्या."

दुसरी खोड म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांचे आकडे. एखादी वस्तू जागेवर नसली की म्हणायचं "चारशेचार". दूध संपलं, चारशेचार. वायरमन आला नाही, चारशेचार. आणि सगळं ठीक असलं की "दोनशे". त्याची आई, म्हणजे आमच्या भाभी, एकदा मला म्हणाल्या, "किसनभाई, ईद की बिर्याणी बनाई, सारा मोहल्ला वाह वाह किया. मेरा बेटा क्या बोला? दोनशे."

आता हा कोणाचा कोण ते सांगतो. त्याचा बाप हबीब मिस्त्री. रस्त्याच्या त्या बाजूला हबीबभाईचं दुकान, या बाजूला माझं. दोघांचा धंदा एकच, जळालेल्या मोटरी भरायच्या. चौतीस वर्षं आम्ही एकमेकांच्या तोंडासमोर बसलो. ईदेला त्यांच्याकडून शिरखुर्मा यायचा, दिवाळीला माझ्याकडून चिवडा जायचा. पण एक गोष्ट रस्ता ओलांडून कधी गेली नाही. ती म्हणजे डाटा.

डाटा हा शब्द मोबाईलवाल्यांनी आणला असं आजकालच्या लोकांना वाटतं. आमच्या धंद्यात तो पहिल्यापासून आहे. विहिरीवरची मोटर जळाली की आत गुंडाळलेली तांब्याची तार काढून नवी भरायची असते. ती किती वेढे भरायची, किती जाड भरायची, हे कंपनी मोटरीवर लिहीत नाही. जळालेली गुंडी, म्हणजे तारेचं वेटोळं, सोडवून, बोटानं एकेक वेढा मोजून ते काढावं लागतं. काळी पडलेली, एकमेकीला चिकटलेली तार, आणि मोजणारा मी. वेढे कमी भरले तर मोटर तापून पुन्हा जळते. जास्त भरले तर दम मारत नाही, व्होल्टेज पडलं की पाणी उचलत नाही. तो मोजलेला आकडा म्हणजे डाटा. तो डायरीत लिहायचा आणि डायरी छातीशी धरायची. माझं शिक्षण चौथी, पण माझ्या डायरीसारखी डायरी चार तालुक्यांत नाही. लाल कापडाची बांधणी आहे, आणि मोटरीच्या खाचांत घालतो त्या जाड कागदात ती मी गुंडाळून ठेवतो. माझ्या दोन्ही लेकी सासरी गेल्या, जावई मास्तर निघाले, धंदा पुढं न्यायला घरात कोणी नाही. पण डायरी कोणाला दाखवली नाही.

हबीबभाई आगपेटी मागायला दुकानात आले तरी मी उघड्या मोटरीवर दुपट्टा टाकायचो. मी त्यांच्याकडं गेलो की ते पोतं टाकायचे. दोघंही हसायचो आणि दोघंही झाकायचो. धंद्याचा रिवाजच तसा.

हबीबभाई माझ्यापेक्षा जास्त शिकलेले, सातवी. म्हणून त्यांची डायरी नव्हती, रजिस्टरं होती. सात जाडजूड रजिस्टरं. पट्टी घेऊन रकाने पाडलेले. कंपनी, किती एचपी, किती खाचा, किती वेढे, किती नंबरची तार. आणि शेवटी एक रुंद रकाना, शेरा. दिवसातून चार-पाचदा ते चष्मा लावून त्यात काहीतरी लिहीत बसायचे. मी इकडून पाहायचो आणि मनात म्हणायचो, मोटर भरणाऱ्याला शेरा कायले पाह्यजे? हा काय तहसीलदार आहे?

ते आजारी पडले तेव्हा कंपनीचं काम घरून करायचं ठरवून अन्वर पुणं सोडून आला. बाप गेला. पोरगा राहिला. दुकानाचं शटर बंद, वरच्या खोलीत अन्वर आणि त्याचे दोन कॉम्प्युटर. बायको पुण्याची, ती आधीच कधीतरी वेगळी झालेली. त्यावर मी अर्धाही सवाल केला नाही.

एकदा मी त्याला विचारलं, "अन्वर, तू कंपनीसाठी घरी बसून काय करतोस, मराठीत सांग."

सवाल पूर्ण होता. तो म्हणाला, "काका, लोकायपाशी कपाटं असतात. आत माल भरून असते. नावं, आकडे, याद्या. पण कपाटाले दार नसते, त्याच्यानं बाहेरच्याले काही भेटत नाही. मी दारं लावून देतो. याले एपीआय म्हनतात."

"म्हणजे सुतार."

"सुतारच म्हना. पन मी एकेक दार ठोकत नाही बसत. माझा प्रोग्राम कपाट पाह्यते, आत कोनते कप्पे हाय ते वाचते, आन कप्पा तिथं दार, आपोआप बनवते. एक दार सगळी यादी दाखवाले, एक दार एकच ओळ दाखवाले, एक शोधाले. बाहेरच्यानं दारावर येऊन पूर्ण सवाल टाकला की आतून जवाब येते."

तेव्हा मला कळलं की सवाल पूर्ण करायची बिमारी याला कुठून लागली. दिवसभर दारांशी बोलणारा माणूस, माणसांशीही तसाच बोलायला लागला.

"आपोआप झालेल्या कामावर माझा भरोसा नाही," मी म्हणालो. "आपोआप दोनच गोष्टी होतात. बांधावर गवत येते आणि मोटर जळते."

"बरोबर," तो म्हणाला. "दोनशे."

पुढं सहा महिने त्याच्या खोलीतून टकटक ऐकू यायची. पोटापाण्याचं काम आटोपलं की हा बापाची सात रजिस्टरं एकेक ओळ कॉम्प्युटरात उतरवून राह्यला होता. मी म्हटलं, "अरे, नीट करून लिही. हबीबभाईचं अक्षर म्हणजे कोंबडी नाचलेली."

तो म्हणाला, "जसं हाय तसं." हे त्याचं तिसरं पालुपद. बापानं 'पानी' लिहिलं असेल तर पानी. खाडाखोड असेल तर खाडाखोड. एका पानावर चहाचा डाग पडून आकडा गेला होता, तिथं त्यानं लिहिलं, 'चहा'.

सगळं उतरवून झालं आणि त्यानं आपला प्रोग्राम त्याच्यावर सोडला. सहा महिन्यांचं टंकन, आणि दारं बनली भाभींनी चहा गाळला तेवढ्या वेळात. लिहायची आणि पुसायची दारं त्यानं कुलूप लावून ठेवली, वाचायची उघडी. मग एका कागदावर दारांचा पत्ता लिहून बापाच्या बंद शटरवर चिकटवला. कोणीही यावं, मोबाईलमध्ये कंपनी, एचपी, खाचा टाकाव्यात, वेढे आणि तार समोर. फुकट.

मी रस्ता ओलांडून गेलो. माझा आवाज चढला होता. "अन्वर! तुझ्या बापानं जी चीज पोत्याखाली झाकली, ती तू चव्हाट्यावर मांडली?"

"काका, अब्बा गेले. मोटरी जळाच्या थांबल्या का?"

थांबल्या नव्हत्या. म्हणून मी आणखी चिडलो.

हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले. मानोरा, मंगरूळपीर, रिसोड, जिकडचे तिकडचे मिस्त्री त्या दारावर जाऊ लागले. जो आकडा काढायला मला एक दुपार लागायची, तो त्यांना चुटकीत मिळू लागला. बरं, आकडे चूक निघाले असते तर मी नाचलो असतो. एकही चूक निघेना. हबीबभाईची बोटं होती ती. चौतीस वर्षं ज्याच्याशी टक्कर दिली तो काही लुंगासुंगा नव्हता, हे जगाला कळत होतं, आणि आतून मला थोडं बरंही वाटत होतं. ते मी कोणाला सांगितलं नाही.

मग अन्वर माझ्या मागे लागला. शुक्रवारची नमाज झाली की पांढरी टोपी तशीच डोक्यावर, दुकानाच्या पायरीशी उभा.

"किसनकाका, तुमची लाल डायरी, सगळी पानं, आजपासून सात दिवसांसाठी, जशीच्या तशी वापस कराच्या बोलीवर, मले भेटन का?"

"नाही."

"काहून इचारू का?"

"नको इचारू."

"ठीक. जवाब पूर्ण हाय." आणि जायचा. राग नाही, रुसवा नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच, शब्दाला शब्द. त्याच्या बापाकडं कोइमतूरकडच्या जुन्या मोटरींचा डाटा नव्हता. त्या मोटरी माझ्याकडं यायच्या. असे चौदा शुक्रवार गेले. टपरीवाला शुक्रवारी दोन वाजले की गिऱ्हाइकांना म्हणायचा, "थांबा, थांबा, आता काका नाही म्हनते."

आणि मग शेऱ्याचं लफडं झालं.

प्रोग्रामला काय कळतं? त्यानं रजिस्टरात जितके रकाने दिसले तितके सगळे दारात आणून उभे केले. वेढे आले, तार आली, आणि त्यांच्या मागोमाग शेराही आला. सुरुवातीला कोणाचं लक्ष गेलं नाही. सगळे आकड्याचे भुकेले. मग एक दिवस इंझोरीच्या देशमुखांची मोटर जळाली. मिस्त्रीनं मोबाईलवर डाटा काढला आणि खाली लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, देशमुखांच्याच समोर. 'इंझोरीचे देशमुख. तिसऱ्यांदा जाळली. म्हनते लाइनीचा दोष. लाइन गावभर हाय, मोटर यायचीच जळते. स्टार्टर पाहा म्हनलं तर घुश्शात गेले.'

देशमुख मोटारसायकल घेऊन थेट मालेगावला. बंद शटरपुढं अर्धा तास भांडले. अन्वर वरून खिडकीतून म्हणाला, "मामा, शेरा खोटा हाय का जुना हाय, काय म्हननं हाय? सवाल पूर्ण करा." देशमुख पाय आपटत गेले. पण जाता जाता चौकातून नवा स्टार्टर घेऊन गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांची मोटर पुन्हा जळाल्याचं ऐकलं नाही.

मग तालुक्याला छंदच लागला. मोटर न जळताच लोक शेरे वाचू लागले. 'पोहरादेवीच्या जत्रेतल्या रसवंतीची. खोलली तर आतून माश्या निघाल्या. मानूस गोड.' 'याले उद्या ये म्हनलं की आजच येते.' 'मालक बोलत व्हता, दोष त्याच्या बायकोनं सांगितला. तिले मिस्त्री कराले पाह्यजे.' टपरीवर रोज वाचन. लोक पोट धरून हसत. मीही हसत होतो. मी सर्वांत जोरात हसत होतो.

एका दुपारी रिसोडच्या एका मिस्त्रीचा फोन आला. तोही हसत होता.

"किसनभाऊ, तुमी म्हने बेचाळीसच्या जागी सेहेचाळीस भरता?"

"कोण म्हणतं?"

त्यानं वाचलं. 'किसननं भरलेली. पानी उचलत नाही म्हनून मालक माझ्याकडं घेऊन आला. खोलून मोजली. बेचाळीसच्या जागी सेहेचाळीस. बेचाळीस भरून देली.'

मी फोन ठेवला. पन्नास वर्षं या बोटांनी मोजलं. माझं नाव दुसरं काय आहे? शेत नाही, पदवी नाही. किसन मिस्त्रीचा आकडा चुकत नाही, एवढंच काय ते माझं नाव. आणि ते नाव आता जिल्ह्यातल्या मोबाईलमोबाईलमध्ये हसण्यावारी गेलं होतं.

"खोटं आहे!" मी टपरीवर ओरडलो. कोणी काही विचारलं नव्हतं तरी ओरडलो. आणि उठलो. हबीबभाईच्या घराचा जिना मी आजवर मयतीलाच चढलो होतो. त्या दिवशी दुखऱ्या गुडघ्यानं तो दुसऱ्यांदा चढलो.

भाभी दारातच होत्या. "आओ किसनभाई. सब खैरियत?"

"चारशेचार," मी म्हणालो आणि सरळ अन्वरच्या खोलीत गेलो. "अन्वर! तुझ्या बापाच्या सातही रजिस्टरांचा शेऱ्याचा रकाना, आत्ताच्या आत्ता, सगळ्यांच्या मोबाईलमधून, काढायला किती वेळ लागतो?"

एवढा पूर्ण सवाल त्याला तालुक्यात कोणी केला नसेल. तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"दोन मिन्टं."

"दोन मिनिटं! मग इतके दिवस गावाची हसू-हसू चालू आहे, देशमुख येऊन शिव्या देऊन गेले, ती दोन मिनिटं तुला मिळाली नाहीत? तो रकाना तू लपवला काहून नाही?"

अन्वर गप्प. सवाल पूर्ण होता, आणि जवाब येत नव्हता. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी खुर्ची ओढून बसलो. गुडघा उभं राहू देईना. समोर कॉम्प्युटरवर यादी सरकत होती. मी इंग्रजी वाचत नाही, पण आकडे माझे सोबती आहेत. "हे काय?"

"कोन कवा दारावर आलं, काय इचारलं, त्याची नोंद."

मी पाहत राहिलो. पाच एचपी, छत्तीस खाचा. साडेसात एचपी. दोन एचपी. आणि मध्येच एक ओळ, तीन एचपी, चोवीस खाचा, सकाळी सात दहा. मी त्याला यादी मागं सरकवायला लावली. आदल्या दिवशी, सात दहा, तीन एचपी, चोवीस खाचा. त्याच्या आदल्या दिवशीही. रोज. एकही दिवस खाडा नाही.

"कोण आहे रे हा?" मी म्हणालो. "रोज सकाळी तीच मोटर जाळून राह्यला! याला सांग, बाबा, मोटर विकून टाक."

अन्वरनं हात पुढं करून पडदा बंद केला. भाभी चहा घेऊन उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "यही है वो, किसनभाई. उठा नहीं की पूछता."

"तुझी कोणती मोटर आहे?"

त्यानं पडदा पुन्हा उघडला, काहीतरी टाकलं आणि माझ्यापुढं सरकवलं. मी चष्मा लावला. वेढे होते, तारेचा नंबर होता. खाली शेरा.

'आज अन्वरचा दहावीचा निकाल. शाळेत पैला. तार दोनदा तुटली. ही मोटर तिसऱ्या बारीले भरली. त्याच्यासमोर काही बोललो नाही, पोराले नजर लागते.'

मी ते दोनदा वाचलं. मी सावकाश वाचतो.

"त्या दिवशी मी पेढे घेऊन दुकानात आलो व्हतो," अन्वर म्हणाला. "अब्बा मोटर भरून राह्यले व्हते. मान वर केली आन म्हनले, ठीक हाय. बस. तीस वर्षं मले वाटे, आपला पैला नंबर त्यायले ठीक वाटला."

"अरे पण रजिस्टर तुझ्यापाशीच आहे. ते उघडून वाच ना. दारावर जाऊन कायले विचारतोस?"

तो टक्कल खाजवत बसला. मग म्हणाला, "रजिस्टरात मी वाचतो, काका. दारावर इचारलं की ते सांगतात."

भाभींनी कप माझ्या हातात दिला आणि आत गेल्या. मी चहा प्यायलो. चांगला झाला होता.

"तुमच्या ओळीचा शेरा काढून टाकतो," अन्वर म्हणाला. "एका ओळीचाच. बाकीचे ठेवतो. चालन?"

मी जिन्यापाशी पोचलो होतो. म्हणालो, "उद्या सांगतो." आणि उतरलो.

घरी येऊन डायरी काढली. ती मोटर शोधायला वेळ लागला नाही. ती कुठल्या पानावर आहे ते मला पंचवीस वर्षं ठाऊक होतं. तिथं लिहिलं होतं, बेचाळीस. आकडा बरोबर होता. डायरी कधी चुकली नाही. पण त्या दिवशी मी भरले सेहेचाळीस. मोटर पाणी उचलत नाही असं कानावर आलं आणि मालक फिरून आला नाही, तेव्हाच मला कळलं होतं. लोकांना सांगत राहिलो, त्याची विहीर खोल आहे. त्या दिवशी सकाळी माझी मोठी लेक, पुष्पा, पहिल्यांदा सासरी गेली होती. मी घरात रडलो नाही, दुकानात येऊन मोटर भरायला बसलो. मोजता मोजता कुठं होतो ते विसरलो. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, तर हट्टानं पुढं मोजत गेलो.

माझ्या डायरीत हे लिहायला जागाच नव्हती. माझ्या डायरीत नुसते आकडे आहेत.

आणि हबीबभाईंनी ती मोटर खोलली, माझी चूक बोटावर मोजली, नीट करून दिली, आणि समोर बसून इतकी वर्षं एका शब्दानं बोलले नाहीत. एवढं घबाड हाती लागलेला मिस्त्री गप्प बसतो? मी बसलो नसतो. त्यांनी ती चूक आपल्या रकान्यात लिहिली, वरून पोतं टाकलं, आणि दिवाळीचा चिवडा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. आगरबत्ती लावली. नातीची सुट्टीत घरी राहून गेलेली पट्टी आणली होती, ती लाल डायरीच्या त्या पानावर ठेवून कडेला एक रेघ ओढली. थोडी वाकडी आली. वर लिहिलं, शेरा. खाली लिहिलं, 'हबीबभाई बरोबर. सेहेचाळीसच भरले होते. पुष्पा सासरी गेली त्या दिवशी.' शाई वाळू दिली. मग डायरी जाड कागदात गुंडाळली आणि रस्ता ओलांडला. शुक्रवार नव्हता, मंगळवार होता. टपरीवाला हातातली किटली तशीच धरून उभा राहिला.

सात वाजून दहा मिनिटं व्हायची होती. जिना चढून दार वाजवलं. अन्वरनं उघडलं, डोळे चोळत.

"घे," मी म्हणालो. "सगळी पानं. सात दिवस. वापस कराच्या बोलीवर. आणि एक अक्षर बदलायचं नाही. जसं हाय तसं."